अनवट ओपनिंगला प्रत्युत्तर (बुद्धिबळ)

बुद्धिबळात क्वचित खेळल्या जाणाऱ्या सुरुवातीला काळ्याने कोणते उत्तर द्यावे, यासंबंधीचा विचार. पांढऱ्याच्या बी४ (सोकोल्स्की किंवा ओरांगउटान) आणि जी४ (ग्रोब) या पहिल्या चाली अशा अनवट सुरुवातीची ठळक उदाहरणे होत. (अक्षर पटावरचा उभा स्तंभ आणि आकडा आडवी ओळ दाखवतो; नुसते घर लिहिले तर चाल प्याद्याची.) समोरच्याचे पाठांतर पहिल्याच चालीला निकामी व्हावे, हा त्यांमागचा मुख्य हेतू असतो.

मुंबईत शनिवार-रविवारी शाळांच्या सभागृहांत भरणाऱ्या रॅपिड (कमी वेळेच्या) स्पर्धांत हा डाव चांगला साधतो. दादर-पार्ल्याच्या क्लासमधून सिसिलियन ही लोकप्रिय सुरुवात घोटून आलेला मुलगा बी४ पाहून थबकतो, आणि ‘याची खोड मोडतोच’ म्हणत घड्याळातली मिनिटे उधळतो. पटावर अजून काहीच बिघडलेले नसते.

बी४ला सर्वांत सरळ उत्तर ई५. पांढरा खेळाडू उंट बी२वर आणून ई५च्या प्याद्यावर रोखतो. इथे घोडा सी६ ही अगदी नैसर्गिक दिसणारी चाल चूक ठरते: बी५ होताच घोडा हुसकला जातो आणि ई५चे प्यादे पडते. त्याऐवजी उंटाने बी४ मारावे, पांढऱ्याला ई५ मारू द्यावे आणि घोडा एफ६वर काढावा. या देवघेवीत पांढऱ्याला मधले प्यादे मिळते खरे, पण त्याचा एकच उंट दोनदा हललेला असतो. काळ्याचा उंट आणि घोडा दोन्ही बाहेर असून किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) एका चालीवर असतो. ई५ राखण्यासाठी डी६ खेळणेही भक्कम. एफ६नेही प्यादे राखले जाते, मात्र घोड्याची हक्काची जागा अडते आणि राजाकडे येणारा तिरका रस्ता उघडा पडतो. प्यादी बदलायचीच नसतील तर डी५ आणि घोडा एफ६ पुरे.

ओरांगउटान हे नाव १९२४च्या न्यूयॉर्क स्पर्धेतले. बुद्धिबळपटू तार्ताकोव्हरने तिथल्या प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान पाहिली आणि प्रतिस्पर्धी मारोत्सीविरुद्ध बी४ खेळून चालीला तिचे नाव दिले. मारोत्सीने घोडा एफ६, मग ई६ आणि डी५ अशा साध्या चाली केल्या आणि डाव जिंकला. किस्सा सगळे सांगतात, निकाल फारसे कुणी सांगत नाही.

भारतीय पटावर ही चाल आणखी परकी होती. देशी पद्धतीत प्यादे सहसा पहिल्या चालीलाही एकच घर सरके, त्यामुळे एका दमात बी४ शक्यच नव्हते. देशी आणि युरोपीय अशा दोन्ही पद्धती शेजारी नांदत होत्या. मुंबईत १८१४ साली छापलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या पुस्तकाच्या नावातच ते ‘युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतलेले’ असल्याचे म्हटले आहे.

जी४ची गोष्ट वेगळी. ती खरोखरच कमकुवत चाल आहे, राजाची बाजू आपणच उसवणारी. काळ्याने डी५ खेळल्यावर पांढऱ्याचा उंट जी२वर येतो आणि जी४चे प्यादे फुकट दिसते. ते मारले की पांढरा सी४ खेळतो. आता काळ्याने लोभाने सी४ही मारले तर पांढऱ्याचा उंट बी७ मारून कोपऱ्यातल्या हत्तीवर येतो. म्हणून आधी सी६ खेळून तो तिरका रस्ता बुजवावा. जी४वरची धमकी तशीच राहते, आणि पांढऱ्याने एच३ने ते राखले तर एच५ करून फळी फोडता येते.