कळलावी

कळलावी ही कंदातून दरवर्षी नव्याने फुटणारी विषारी वेल आहे. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. इंग्रजीत तिला फ्लेम लिली म्हणतात आणि पूर्वी तिचा समावेश लिलीच्या कुलातच होत असे. आता ती कोल्चिकेसी कुलात मोडते. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेत ती रानटी वाढते. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या उतारांवर, रानातल्या झुडपांत आणि शेताच्या कुंपणांवर ती दिसते. पहिल्या पावसानंतर कोंब वर येतो, श्रावण-भाद्रपदात फुले येतात आणि पाऊस सरला की वेल वाळून कंद जमिनीत निजून राहतो.

चढण्यासाठी तिला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांबून गुंडाळते आणि शेजारच्या फांदीला धरते. फूल खाली झुकलेले, पण त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळलेल्या असतात. आधी हिरवट पिवळे, मग तळाशी पिवळे आणि टोकाला नारिंगी, शेवटी गडद लाल असे एकच फूल दिवसागणिक रंग पालटते. वाऱ्यावर हलताना ज्योतच वाटते. अग्निशिखा, अग्निमुखी ही संस्कृत नावे त्यावरूनच आली.

लोकांनी मात्र फुलापेक्षा कंदाकडे अधिक बारकाईने पाहिलेले दिसते. दुबेळका, नांगरासारखा वाकलेला कंद पाहून संस्कृतात लांगली, हलिनी ही नावे पडली, आणि तमिळमधल्या ‘कलप्पै किळंगु’चा अर्थही नांगरकंद असाच आहे. फुलाला मात्र तमिळ लोक ‘सेंगांदळ’ म्हणतात. ते तमिळनाडूचे राज्यफूल आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. हिंदीत ती कलिहारी, बंगालीत उलटचंडाल, सिंहलीत नियंगला. कोकणात काही ठिकाणी ‘गौरीचे हात’ म्हणतात, कन्नडमध्येही ‘गौरी हूवू’ असे नाव आहे. दोन्ही नावे सणाच्या दिवसांत फुलणाऱ्या या फुलाला शोभतात. गोव्यात माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीत, ती वाघनखी म्हणून बांधली जाते.

‘कळलावी’ या नावाचा अर्थ बहुतेकांना भांडण लावणारी असा वाटतो. कळ लावणे हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यातला, त्यामुळे ही वेल दारात लावली तर घरात कटकटी होतात, अशी समजूत रुजली. नावाचा उगम मात्र बाळंतपणातल्या कळांत आहे. अडलेल्या बाईच्या बेंबीभोवती व ओटीपोटावर कंदाचा लेप लावत, तो कळा याव्यात म्हणून. संस्कृतातले गर्भपातिनी हे नाव तर हा गुण उघडच सांगते.

बचनाग आणि खड्यानाग या मराठी नावांबद्दल विशेष सावध राहायला हवे. हिमालयातल्या वत्सनाभालाही बचनागच म्हणतात. दोन्ही विषारी, पण वनस्पती निराळ्या, विषेही निराळी. वाघनखी हे नावही विंचू या आकडेदार फळाच्या झाडाला चालते. म्हणून जडीबुटीच्या व्यवहारात नुसत्या लोकनावावर कंद घेणे धोक्याचे आहे.

आयुर्वेदात कळलावीची गणना उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत होते. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंद आणि बियांत, कोल्चिसीन हे विष असते. हे द्रव्य अत्यल्प मात्रेत गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर औषध आहे, आणि पेशीविभाजन रोखून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करते म्हणून वनस्पती-संकर करणारेही ते वापरतात. बियांसाठी तमिळनाडूत दिंडीगल, करूर या भागांत तिची शेती होते. श्रीलंकेत मात्र कंद खाण्याजोगा समजून शिजवल्याने मृत्यू झाले आहेत. विषबाधेत काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अवयव निकामी होतात. वाचलेल्यांचे केस काही दिवसांनी गळतात. ठरावीक उतारा सहजी उपलब्ध नसल्याने रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे हाच मार्ग आहे.