पार्श्वभूमी : ध्रुवीय अस्वल खरंच 'गाळलं' होतं का?

प्राणिसंग्रहालय चालवण्याचा कम्प्युटर गेम 'प्लॅनेट झू' ५ नोव्हेंबर २०१९ रोजी आला, तेव्हा त्यात ध्रुवीय अस्वल नव्हतं. सहा आठवड्यांत 'आर्क्टिक पॅक' ही जोड आली: ध्रुवीय अस्वल, रेनडिअर, आर्क्टिक लांडगा, डॉल मेंढी, आणि त्यांचे पैसे वेगळे. तयार झालेले प्राणी मूळ गेममधून काढून नंतर विकले, हा संशय तिथून पक्का झाला.

या शंकेचं मूळ २००१ च्या 'झू टायकून' या जुन्या गेममध्ये आहे. ब्लू फँग कंपनीच्या त्या गेममध्ये कुंपणाला 'झनाडू' नाव दिलं की युनिकॉर्न विकत घेता यायचा. एक प्राणी खरोखर दडवलेला निघाला, मग यादीत नसलेला प्रत्येक प्राणी कुठेतरी दडलेलाच असणार, असं खेळाडूंना वाटू लागलं. शोधणंही सोपं होतं. गेमचा मजकूर आणि चित्रं ज्यात असतात त्या झेडटीडी फाइली म्हणजे साध्या झिप फाइली. प्रत काढायची, एक्स्टेन्शन बदलून झिप करायचं आणि उघडायची.

चूक होते ती इथेच. मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या जोडण्या, याच प्रकारच्या फाइलींत येतात, त्यामुळे मॉड टाकलेल्या फोल्डरमध्ये शोधलं तर कुणीतरी घरी बनवलेला प्राणी 'गाळलेला' म्हणून हाती लागतो. शोध नव्याने इन्स्टॉल केलेल्या, कोऱ्या गेममध्येच घ्यावा. सापडलेल्या गोष्टीचं वजनही सारखं नसतं. नुसतं नाव सापडलं, तर प्राण्याचा विचार झाला असावा, एवढंच. आवडती जमीन, किंमत, पिल्लांचा काळ असे आकडे भरलेली फाइल असेल, तर काम सुरू झालं होतं. चालणं, बसणं, खाणं अशा हालचालींची चित्रं सगळ्या दिशांनी तयार असतील, तरच 'गाळला' हा शब्द शोभतो.

आता ध्रुवीय अस्वल. मॉडेल, सांगाडा, केस, पोहण्याच्या हालचाली, आवाज, वाढणारं पिल्लू हे सगळं सहा आठवड्यांत होत नाही. म्हणजे काम गेम येण्याआधीच सुरू होतं, यात शंका नको. पण त्यावरून ते गाळलं होतं हे सिद्ध होत नाही. चाचणी आणि भाषांतरासाठी गेममधला मजकूर प्रकाशनाच्या बराच आधी गोठवावा लागतो. नवे प्राणी तेव्हा थांबतात आणि मोकळे झालेले कलाकार पुढच्या पॅकला लागतात. आर्क्टिक लांडग्याला तर जवळचा नमुना घरातच होता, कारण मूळ गेममध्ये टिंबर लांडगा आधीपासून होता.

खरी तक्रार करायची, तर 'प्लॅनेट झू'च्या डीलक्स, म्हणजे जास्त किमतीच्या, आवृत्तीबद्दल करावी. पिग्मी पाणघोडा, कोमोडो ड्रॅगन आणि थॉमसन गॅझेल पहिल्याच दिवशी तयार होते, पण साध्या आवृत्तीत नव्हते. तेही गाळलेले नाहीत, उघडपणे राखून ठेवलेले आहेत. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरला की वाद भरकटतो.

मूळ यादीत बंगाल वाघ, भारतीय हत्ती, गेंडा, मोर आणि घडियाल सुसर होते. आपल्या सह्याद्रीतला कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, मात्र २०२१ मध्ये आग्नेय आशियाच्या पॅकमधून आला. आपलं अस्वल त्याहूनही नंतर, युरेशियाच्या पॅकमधून.