कुत्र्यामांजराचं औषध कुठूनही घ्या, पण चिठ्ठी लिहूनच घ्या

कुत्र्याचं किंवा मांजराचं औषध डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच घेतलं पाहिजे असा कुठलाही नियम नाहीये. हे आधीच सांगते, कारण नागपुरात ज्यांच्या ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की दुसरीकडून औषध आणलं तर डॉक्टरांना राग येईल, मग पुढच्या वेळी जायला अवघड होईल. काहून अवघड व्हावं? सरळ म्हणायचं, डॉक्टर, जरा चिठ्ठी लिहून द्या, मी बाहेरून घेते. बहुतेक डॉक्टर देतात.

कायद्याचं बघाल तर १९४५ च्या औषध नियमांमध्ये ‘रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’ कोण याची व्याख्या आहे आणि त्यात जनावरांचे डॉक्टरही येतात, म्हणजे त्यांची चिठ्ठी धरमपेठेतल्या किंवा मानेवाड्यातल्या साध्या मेडिकल स्टोअरमध्येही चालते. डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देऊ शकतात, त्यासाठी वेगळं लायसन्स लागत नाही, ही सूट त्याच नियमांच्या ‘शेड्यूल के’ नावाच्या यादीत आहे. पण दुकान मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला विकायची सूट नाही. आणि पट्टे, शॅम्पू, फूड विकणाऱ्या पेट शॉपमध्ये काउंटरवरून अँटिबायोटिक किंवा जंताची गोळी देतात ना, त्या दुकानाकडे औषधाचं लायसन्स आहे का हे विचारायला अजिबात लाजू नका.

अमेरिकेत या विषयावर बराच वाद झालाय. तिथे कॉन्टॅक्ट लेन्ससाठी २००३ मध्ये कायदा आला की डोळे तपासणाऱ्याने लेन्सची चिठ्ठी न मागता हातात द्यायची, म्हणजे माणूस लेन्स कुठूनही घेऊ शकेल. प्राण्यांच्या औषधांसाठीही तसाच कायदा करा म्हणून तिथल्या संसदेत पुन्हा पुन्हा विधेयक आलं, देशपातळीवर पास काही झालं नाही. २०१५ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर अख्खा रिपोर्ट काढला, त्यात चिठ्ठी हातात मिळाली की स्पर्धा वाढायला मदत होते हे तर आलंच, पण बऱ्याच कंपन्या माल फक्त डॉक्टरांमार्फतच विकतात हेही आलं.

मला स्वतःला चिठ्ठी हातात असण्याचं महत्त्व पैशापेक्षा जास्त वाटतं, कारण खरी अडचण सुरू होते ती मेडिकलच्या काउंटरवर. थायरॉइडचं उदाहरण घ्या. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींमध्ये थायरॉइड कमी पडणं बऱ्यापैकी दिसतं, आणि त्यावर औषध तेच, लिव्होथायरॉक्सिन, जे आपली आई किंवा मावशी सकाळी उपाशीपोटी घेते. माणसाला पूर्ण डोस लागला तर तो किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला १०० च्या आसपास. कुत्र्याला सुरुवातच किलोमागे २० मायक्रोग्रॅमपासून होते, तेही बरेचदा दिवसातून दोनदा. म्हणजे ३० किलोच्या लॅबला एका वेळेला ६०० मायक्रोग्रॅम! आता माणसांच्या गोळ्या २५, ५०, १०० अशा येतात, मेडिकलवाल्या काकांनी आयुष्यभर हेच आकडे पाहिलेत, ते चिठ्ठी बघून म्हणणार की ६०० कसं असेल, डॉक्टरांनी शून्य जास्त मारलं असेल, आणि चांगल्या मनाने ६० करून देतील. कुत्रं मग महिनोन्महिने औषध खातं आणि तसंच सुस्त, जाड, केस गळलेलं राहतं, आणि घरचे म्हणतात बाहेरचं औषध डुप्लिकेट निघालं.

औषध बरोबरच होतं. फरक शरीरात आहे. कुत्र्याच्या आतड्यातून हे हार्मोन कमी शोषलं जातं आणि रक्तातून फार लवकर निघून जातं, माणसात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, कुत्र्यात दिवसभरसुद्धा लागत नाही.

मांजराचं तर वेगळंच शास्त्र आहे. आपलं लिव्हर बरीच औषधं ग्लुकुरोनाइड नावाचा तुकडा जोडून शरीराबाहेर काढतं, मांजरात हे काम करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम बनवणारा जीनच बिघडलेला आहे. म्हणून घरातली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या निळसर पडतात, श्वास लागतो. कृपा करून देऊ नका, अर्धीही नको, पावही नको. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं परमेथ्रिनवालं औषधही मांजरावर टाकायचं नाही, ते मेंदू आणि नसांवर जातं, मांजराला झटके येतात. कुत्र्यालाही आपली दुखण्यावरची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चालत नाही, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. (डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी आपल्याकडे २००६ पासून बंदच आहे, ते गिधाडांमुळे, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं किडनी फेल होऊन मरत होती. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झाले.) सिरप घेताना त्यात साखरेऐवजी घालतात ती झायलिटॉल नावाची गोडी नाही ना हे बघा, माणसाला ती चालते, कुत्र्याची शुगर मात्र धाडकन खाली आणते.

इन्सुलिनबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे चूक झाली तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. बाटलीवर ४० किंवा १०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीमध्ये तेवढे युनिट. कुत्र्यांसाठी बनवलेलं इन्सुलिन ४० चं असतं, माणसांच्या बाटल्या आपल्याकडे ४० मध्येही मिळतात आणि १०० मध्येही. सिरिंजही दोन असतात, लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी, आणि काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी पडलेल्या असतात. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज अशी जोडी जमली तर अडीच पट इन्सुलिन जातं. तेव्हा बाटली आणि सिरिंज एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या आणि दोन्हीवरचा आकडा काउंटरवर उभं राहून जुळवून बघा. पुढच्या वेळी दुकानदार ‘हे नाहीये, दुसरं देऊ का’ म्हणाला तर आधी डॉक्टरांना फोन.

पावसाळ्यात गोचीड वाढले की सगळे महिनाभर किंवा तीन महिने चालणारी चघळायची गोळी शोधतात. ही गोळी वजनाच्या टप्प्याप्रमाणे येते, आणि मोठ्या कुत्र्याची एक घेऊन दोन छोट्यांना अर्धी अर्धी द्यायची युक्ती खूप जण करतात. करू नका, प्रत्येक तुकड्यात औषध सारखं असेलच याची खात्री नाही. आणि कुत्र्याला आधी कधी झटके आले असतील तर हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळी मागवूच नका, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०१८ मध्ये या गटातल्या औषधांसाठी तसा इशारा दिलेला आहे. कोली जातीची गोष्ट आणखी वेगळी, बऱ्याच कोलींमध्ये एमडीआरवन नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळे जंतांवर देतात ते आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरतं. ऑनलाइन कार्टला हे माहीत नसतं, डॉक्टरांना असतं.

याच्या उलट, हृदयाची, बीपीची, सूज कमी करायची बरीच औषधं, फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल, प्रेडनिसोलोन, ही माणसांची आणि कुत्र्यांची एकच असतात आणि जेनेरिकमध्ये मिळतात. म्हाताऱ्या कुत्र्याला ही आयुष्यभर लागतात, तिथे खरे पैसे वाचतात, तिथे जनऔषधी केंद्रातही जरूर विचारा. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये जनावरांच्या स्वस्त जेनेरिक औषधांसाठी ‘पशु औषधी’ योजना मंजूर केली, तिचा भर गाई-म्हशींवर आहे, पण दिशा चांगली आहे.

तर चिठ्ठीत काय पाहिजे? ब्रँडच्या बरोबरीने औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅमची गोळी, आजचं वजन, किती दिवस, आणि डोस वेगळा वाटेल असा असेल तर शेजारी ‘कुत्रा’ किंवा ‘मांजर’ आणि ‘डोस बदलू नये’ असं स्पष्ट. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आणि फोनही. दवाखान्यातल्या औषधाचे पैसे थोडे जास्त गेले तरी डोस तिथेच समजावून सांगतात, पहिली गोळी खाऊ घालून दाखवतात, आजार नवीन असेल तेव्हा मी तरी तिथूनच घेईन. रोजचं औषध सुरू झालं की मग दोन दुकानात भाव विचारायचा. सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेज आहेच, मोठ्या आजारात दुसरं मत हवं असेल तर तिथे जाता येतं.

आणि मे महिन्यात ऑनलाइन मागवताना पार्सलचा विचार करा. पाकिटावर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे दुपारी ४५ च्या वर जातं, डिलिव्हरीच्या गाडीत तर त्याहून जास्त. तापमान दहा डिग्री वाढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, गोळ्या एखादा दिवस सहन करतील, इन्सुलिन आणि लस नाही. त्यांना २ ते ८ डिग्रीच लागतं. हे दोन्ही जवळच्या दुकानातून, फ्रीजमधून काढताना बघून, बर्फाच्या पॅकसोबत आणायचे, आणि गोळ्यांचं पार्सल आलं की बॅच नंबर, एक्स्पायरी आणि, औषध जनावरांसाठीच बनवलेलं असेल तर, ‘फक्त जनावरांच्या उपचारासाठी’ ही ओळ डिलिव्हरीवाला दारात असतानाच बघून घ्यायची.