झेवियस

झेवियस : नामको या जपानी कंपनीचा आर्केड (दुकानात ठेवलेल्या यंत्रात नाणे टाकून खेळायचा) व्हिडिओ गेम. पडद्यावर वरून खाली सरकत येणाऱ्या भूप्रदेशावरून एकट्याने विमान न्यायचे आणि आकाशातल्या व जमिनीवरच्या शत्रूंचा नाश करायचा, असे त्याचे स्वरूप. रचना मासानोबू एंदो यांची, संगीत युरिको केइनो यांचे. नेमबाजीच्या खेळांच्या इतिहासात झेवियसचे नाव मुख्यतः गुणांच्या छुप्या व्यवस्थेमुळे राहिले आहे आणि प्रस्तुत नोंदीचा भरही तिच्यावरच आहे.

काळ व पूर्वपीठिका : खेळाचे वर्ष कुठे १९८२, तर कुठे १९८३ दिलेले आढळते. १९८२च्या अखेरीस मोजक्या ठिकाणी यंत्रे चाचणीसाठी ठेवली गेली आणि सर्वसाधारण वितरण जानेवारी १९८३ मध्ये झाले, असे मानल्यास दोन्ही नोंदींची संगती लागते. संदर्भासाठी १९८३ हेच वर्ष धरणे अधिक सोयीचे. अमेरिकेत तो अटारी या कंपनीमार्फत त्याच वर्षी गेला. कोनामीच्या ‘स्क्रँबल’ (१९८१) या खेळात गोळी आणि बाँब अशी दोन शस्त्रे होती. त्याला तोडीस तोड म्हणून दोन बटणांचा खेळ काढावा, ही मूळ कल्पना. आरंभीचा आराखडा व्हिएतनाम युद्धाच्या पार्श्वभूमीचा होता. मूळ योजनाकार कंपनी सोडून गेल्यावर १९८१ मध्ये नोकरीस लागलेल्या एंदोंकडे काम आले आणि त्यांनी त्याचे रूपांतर विज्ञानकथेत केले. शत्रूंची नावे, त्यांची भाषा आणि मागचा सगळा इतिहास त्यांनी स्वतः रचला. नाणे टाकून काही मिनिटे खेळायच्या यंत्रासाठी एवढी कथा त्या काळी कोणी लिहीत नसे.

खेळाडूच्या विमानाचे नाव सोल्व्हालू. हवेतल्या शत्रूंसाठी ‘झॅपर’, जमिनीवरच्यांसाठी ‘ब्लास्टर’. ब्लास्टरचा बाँब कुठे पडणार ते दाखवणारी नेमखूण विमानाच्या पुढे ठरावीक अंतरावर सतत दिसते. खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नुसती सोय वाटते. पुढे सांगितलेली बहुतेक गुपिते मात्र तिच्यातूनच उलगडतात.

पुरलेले सोल : पडद्यावर नुसते गवत किंवा वाळू दिसत असताना नेमखूण मध्येच लाल लुकलुकते. तिथे बाँब टाकला की जमिनीतून एक मनोरा वर येतो आणि २,००० गुण मिळतात. उभ्या राहिलेल्या मनोऱ्यावर दुसरा बाँब टाकला की आणखी २,०००. हे ‘सोल’. पहिल्या टप्प्यात सर्रास दिसणाऱ्या टोरॉइड या कड्यासारख्या शत्रूचे ३० गुण मिळतात, यावरून सोलचे मोल कळावे. सोलच्या जागा ठरलेल्या असतात. ज्याने एकदा नकाशा पाठ केला त्याला नेमखुणेचीही गरज उरत नाही.

याच्या जोडीला ‘स्पेशल फ्लॅग’. नामकोच्याच ‘रॅली-एक्स’ (१९८०) मधला हा झेंडा इथे जमिनीखाली दडलेला आहे. तो बाँबने उघडा करायचा आणि वरून विमान नेऊन उचलायचा. मग एक जादा विमान मिळते. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण जुन्या माहितीतला बराच गोंधळ तिच्यातून आला असावा. झेंड्याबद्दल विमान द्यायचे की नाही, हे यंत्राच्या आतल्या बारीक स्विचांवर ठरते आणि ते स्विच दुकानदाराच्या हाती असतात. जादा विमान किती गुणांना मिळावे, सुरुवातीला विमाने किती, काठिण्य कितपत, हेही तसेच. म्हणजे दोन दुकानांतल्या दोन खेळाडूंनी एकच झेंडा उचलूनही परस्परविरोधी वृत्तांत दिले, तर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता असते.

अग्रक्रमाचा प्रश्न : गुणांची गुपिते झेवियसपासून सुरू झाली, असे विधान अनेकदा केले जाते. ते जपून घ्यावे. टायटोच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) वरून जाणाऱ्या उडत्या तबकडीचे गुण खेळाडूने तोवर झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येवर ठरत. २३व्या गोळीला आणि नंतर दर १५व्या गोळीला ती टिपली की ३०० गुण हमखास मिळत. हे ठाऊक असणारे खेळाडू मनात गोळ्या मोजत खेळत. जपानी खेळाडूंच्या तोंडी असलेला ‘नागोयाचा मारा’ हाही त्याच खेळातला. शत्रूंची रांग अगदी तळाशी येऊ द्यायची आणि मग तिला जवळून सोलून काढायचे. कारण शेवटच्या ओळीतून सुटलेली गोळी खेळाडूच्या तोफेला लागत नाही. नामकोच्या ‘गॅलागा’त (१९८१) विशिष्ट शत्रू शिल्लक ठेवून बराच वेळ चुकवत राहिले की शत्रू गोळ्या झाडणेच थांबवतात. तेव्हा छुपे लाभ १९८३ पूर्वीही होते, यात वाद नाही.

दुसरी परंपरा निर्मात्याच्या सहीची. अटारी २६०० या घरगुती यंत्रावरील ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये वॉरन रॉबिनेट यांनी आपले नाव दडवले, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. मात्र अटारीच्या ‘स्टारशिप १’ (१९७७) या आर्केड खेळातील ‘हाय रॉन’ हा संदेश त्याच्याही आधीचा. तो उजेडात आला २०१७ मध्ये, त्यामुळे त्यापूर्वीच्या ग्रंथांतील ‘पहिले’ हे विशेषण तपासून घ्यावे लागते. झेवियसमध्येही सही आहेच. खेळ सुरू होताच विमान उजव्या कडेला नेऊन बाँब टाकत राहिले की पडद्यावर नामकोचे नाव आणि ‘प्रोग्रॅम बाय एव्हझू’ अशी ओळ उमटते. एव्हझू हे एंदोंचे टोपणनाव. या सहीला गुण नाहीत.

या दोन्ही परंपरांहून सोल वेगळे काढावे लागतात. स्पेस इन्व्हेडर्सची मोजणी ही गुण वाटण्याच्या यंत्रणेची उपज होती. नागोयाचा मारा आणि गॅलागाची मूक पलटण हे प्रोग्रॅममधल्या उणिवांचे फळ होते. सोल मात्र भूप्रदेशाच्या रचनेतच पेरलेले आहेत आणि त्यांचा सुगावा लागावा म्हणून नेमखूणही मुद्दाम लुकलुकवली आहे. खेळाडूने शोधावे आणि शोधून दुसऱ्याला सांगावे, हा हेतू इथे उघड दिसतो. अग्रक्रमाचा मान द्यायचाच, तर तो एवढ्या मर्यादित अर्थाने द्यावा. मोठ्या मातृयानाशी सामना देणारा पहिला खेळ हा दावा मात्र टिकण्यासारखा नाही. झेवियसमधील आंदोर जेनेसिस हे प्रचंड यान प्रभावी आहे खरे, पण ‘फिनिक्स’ (१९८०) या खेळात मातृयान आधीच येऊन गेले होते.

दाखवलेले गुण आणि खरी किंमत : झोल्बाक हा जमिनीवरचा घुमट. त्याचे गुण अवघे २००, म्हणून नवखा खेळाडू त्याला सोडून पुढे जातो. वास्तविक खेळ आतल्या आत काठिण्याचा एक हिशेब ठेवत असतो. खेळाडू टिकून राहिला की पुढच्या तुकड्यांत अधिक चपळ व अधिक गोळ्या झाडणारे शत्रू येतात. झोल्बाक फुटला की हा हिशेब मागे सरकतो. पडद्यावर त्याची कसलीही खूण दिसत नाही. गुणफलकावर क्षुल्लक ठरलेले लक्ष्य जगण्यासाठी सर्वांत मोलाचे, असा हा व्यस्त मामला आहे आणि झेवियसच्या रचनेचे मर्म सोलपेक्षाही यात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ग्रोब्दा या रणगाड्याची तऱ्हा आणखी वेगळी. दिसायला सारे सारखे, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कोणी स्थिर उभा असतो, कोणी नेमखूण अंगावर येताच पळू लागतो, कोणी बाँब सुटल्यावर हलतो. गुणही २०० पासून १०,००० पर्यंत. कुठला ग्रोब्दा कुठे उभा आहे हे पाठ असल्याखेरीज मोठे गुण पदरात पडत नाहीत. या रणगाड्याला पुढे १९८४ मध्ये नामकोने त्याच नावाचा स्वतंत्र खेळ दिला.

शेओनाइट नावाची जोडी तर कोड्यात टाकणारी. ती विमानाच्या दोन्ही बाजूंना येते, काही काळ सोबत उडते, एकत्र होते आणि निघून जाते. तिला मारता येत नाही, तीही काही करत नाही. गुण शून्य.

बाक्युराची दंतकथा : गरगर फिरत येणारे करडे चौकोनी फलक म्हणजे बाक्युरा. त्यांच्यावर झॅपर आदळला की धातूचा खणखणाट होतो, फलक मात्र शाबूत राहतो. एका फलकावर २५६ गोळ्या बसल्या तर तो फुटतो, अशी वदंता जपानभर पसरली. आकडा चतुराईने निवडलेला आहे. आठ बिटांच्या संगणकात एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच किमती मावतात; तेव्हा संगणकाची तोंडओळख असलेल्या मुलाला २५६ हा आकडा आतल्या गोटातून आल्यासारखा वाटणार, हे उघड आहे. फलक काही सेकंदांतच पडदा ओलांडून जातो आणि तेवढ्या वेळात इतक्या गोळ्या बसणे अशक्य. त्यामुळे वदंता खोडून काढणेही कोणाला जमले नाही. आर्केड यंत्रावर बाक्युरा अभेद्यच आहे. सोल खरा निघाल्यामुळे बाक्युराची कथाही खरी वाटली, एवढा कार्यकारणभाव मानण्यास हरकत नाही.

नकाशा व गुणांची कमाल मर्यादा : खेळाचे १६ टप्पे आहेत. ते स्वतंत्र न रेखाटता एकाच मोठ्या नकाशातून निरनिराळ्या जागी उभ्या पट्ट्या कापून तयार केले आहेत. त्यामुळे पूर्वी कडेला दिसलेला रस्ता किंवा नदी पुढे मध्यभागी येते. नाझ्काच्या रेषांतील (पेरूच्या वाळवंटातील प्राचीन प्रचंड रेखाचित्रांतील) पक्षी हे या नकाशातले सर्वांत परिचित चित्र. टप्प्यांच्या सीमेवर जंगल असते. टप्प्याचा सुमारे ७० टक्के भाग पार झाल्यावर विमान पडले, तर पुढचा टप्पा सुरू होतो. त्याआधी पडले, तर तोच टप्पा पहिल्यापासून. सोळाव्यानंतर खेळ सातव्या टप्प्यावर परततो आणि असाच फिरत राहतो. खेळाला शेवट नाही, गुणफलकाला मात्र आहे. ९९,९९,९९० वर तो थांबतो. सातव्यापासून सोळाव्यापर्यंतचे आवर्तन, त्यातले सोल, झेंडे व ग्रोब्दा यांची जागा तोंडपाठ करून या आकड्यापर्यंत जाणे, हे १९८३ मधल्या जपानी खेळाडूंचे ध्येय बनले. एक कोटी गुणांपर्यंतची वाट सांगणारी हौशी पुस्तिका त्याच वर्षी निघाली आणि हातोहात पसरली. खेळाच्या कंपनीने न छापलेली, खेळाडूंनीच लिहिलेली मार्गदर्शिका म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

उत्तरकाल : संगीतकार हारुओमी होसोनो यांनी १९८४ मध्ये नामकोच्या खेळांच्या संगीताची तबकडी काढली, तीत झेवियस आहे. नोव्हेंबर १९८४ मध्ये फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी आवृत्ती आली आणि तिच्या जपानमध्ये १२ लाखांहून अधिक प्रती खपल्या. या आवृत्तीत आंदोर जेनेसिस पार्श्वभूमीच्या चित्राचा भाग म्हणून काढावे लागले, त्यामुळे त्याचा आर्केडमधला डौल हरपला. एंदोंचा पुढचा खेळ ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ (१९८४). त्यात गुपिते ऐच्छिक उरली नाहीत. छुप्या पेट्या न सापडल्यास मनोरा चढून जाताच येत नाही.

‘सुपर झेवियस’ या नावाने दोन वेगळे खेळ आहेत, ते एक समजू नयेत. १९८४ चा आर्केड खेळ म्हणजे मूळ खेळाचीच अधिक अवघड आवृत्ती. तीत नव्याने घातलेल्या लक्ष्यांपैकी काही फोडली की खेळाडूचे सगळे गुण शून्यावर येतात. १९८६ चा फॅमिकॉमवरील खेळ कोड्यांचा असून प्रत्येक टप्प्यातून बाहेर पडण्याची रीत खेळाडूला स्वतः शोधावी लागते.