ऐतिहासिक उद्याने व तलावकाठ : आरक्षण आणि मालकी (ठाणे–नवी मुंबई)

जुनी बाग, तलावाचा काठ किंवा किल्ल्याभोवतालची मोकळी जागा टिकेल की नाही, हे दोन वेगवेगळ्या दप्तरांवर अवलंबून असते. जागेचा वापर विकास आराखडा ठरवतो आणि तो नगररचना विभागाकडे असतो. जागा कोणाची, हे सातबारा किंवा मिळकत पत्रिका सांगते. नकाशात हिरवा रंग आणि सातबाऱ्यावर खासगी नाव असेल, तर तिथे अजून बाग झालेली नाही, फक्त बागेचा इरादा जाहीर झाला आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार आराखड्यात उद्याने, मैदाने राखून ठेवता येतात आणि ऐतिहासिक वा नैसर्गिक महत्त्वाच्या ठिकाणांच्या जतनाचीही तरतूद करता येते. ती जागा प्रत्यक्ष ताब्यात घेण्याचे मार्ग कलम १२६ मध्ये आहेत : आपसात करार, हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा), नाहीतर भूसंपादन. रोख मोबदला पालिकांना परवडत नाही, म्हणून बहुतेक वेळा टीडीआरच दिला जातो. दाट वस्तीत जागेच्या तिप्पट, बाहेर दुप्पट. म्हणजे दाट वस्तीतल्या १,००० चौ. मी. जागेपोटी ३,००० चौ. मी. हक्क मिळतो. पण त्यासाठी जमीन निर्वेध, म्हणजे कोणाचा वाद वा बोजा नसलेली लागते, आणि जुन्या तलावकाठच्या जमिनीवर वारस, कुळ, देवस्थान यांची नावे एकावर एक चढलेली असतात. फाइल तिथेच अडते.

तोवर याच अधिनियमाच्या कलम १२७ चे घड्याळ चालू असते. अंतिम विकास योजना (म्हणजे मंजूर विकास आराखडा) अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक मालकीच्या कागदांसह सूचना बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि शेजारच्या जमिनीला चालेल तो वापर तिथेही चालतो. ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ झाली आणि २०१५ मध्ये २४. मुदत वाढली तरी अशा सूचनेला वेळेत उत्तर देणारे टेबल पालिकेत कोणते, हे आधी ठरलेले नसेल तर दोन वर्षेही कमीच पडतात.

ठाण्यात ही अडचण जास्त, कारण शहर जुने आणि मालकी तुकड्यातुकड्यांची. आधीची विकास योजना १९९९ ची, म्हणजे तिच्यातल्या आरक्षणांची १० वर्षे २००९ च्या सुमारासच भरली. तलाव मात्र वेगळ्या खात्यात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार, दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर तळी-तलाव शासनाचे. ठाण्याच्या किल्ल्याचे प्रकरण याहून निराळे : १७३० मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला हा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. जागा सरकारी असल्याने तिथे कलम १२७ ची भीती नाही, पण तिचा वापर कारागृहाच्या गरजेप्रमाणेच ठरतो.

नवी मुंबईत चित्र उलटे. जमीन शासनाने संपादित करून सिडकोला, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला दिली आणि सिडको भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे खासगी मालकाच्या सूचनेचा धोका थोडा, पण मालक आणि मूळ नियोजनकार एकच. १९७९ च्या मंजूर विकास योजनेत ढोबळ वापरविभाग आहेत. सेक्टरमधली बाग नोडल आराखड्यात, म्हणजे त्या-त्या उपनगराच्या तपशीलवार नकाशात असते आणि तो बदलणे तुलनेने सोपे. बेलापूर किल्ल्याच्या संवर्धनाचे काम सिडकोनेच हाती घेतले. महापालिका १९९२ पासून आहे, तरी बागेची देखभाल तिच्याकडे आणि जमिनीचे नाव सिडकोचे, अशा जागा राहतातच. हस्तांतराचा नोंदणीकृत करार झाला आहे का, हे पाहिल्याशिवाय अशा बागेवर पैसा खर्च करू नये.

मंजूर आराखड्यातला वापर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली बदलता येतो. राजपत्रातील सूचनेनंतर हरकतींना एक महिना मिळतो आणि तो चुकला की संधी गेली. बागेखालची जमीन हा वेगळाच प्रश्न आहे. ठाण्यात गावदेवी मैदानाखाली वाहनतळ झाले. लखनौच्या झंडेवाला पार्कखालचे व्यापारी संकुल मात्र १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडून उद्यान पूर्ववत करायला लावले. स्लॅबवर मीटरभर माती असेल तर हिरवळ जगते, वड-पिंपळ नाही. शहरी वृक्ष कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, म्हणून झाडांची गणना आराखड्याच्या आधी करून घेणे फायद्याचे.

केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. यादीत नसलेल्या बुरुजाला हे कवच मिळत नाही.

तपासणीची सुरुवात भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता उतारा) आणि झोन दाखल्यापासून (जागेचा मंजूर वापर सांगणारा दाखला) करावी. मग सातबारा, ‘इतर हक्क’चा रकाना, फेरफार (मालकीबदलाची नोंद). ताबापावती झाली पण फेरफार झाला नाही, ही सर्रास होणारी चूक. पुढे वारस तीच जागा विकून मोकळे होतात. शेवटी मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे भूमापन खात्याचा हद्दी दाखवणारा नकाशा. तलावाची हद्द सर्व्हे नंबरने ठरते, पाण्याच्या कडेने नाही. मे महिन्यात पाणी आटलेले असताना त्याच्या कडेला रेलिंग बसवले, तर काठाची पट्टी कुंपणाबाहेर पडते, आणि अतिक्रमण तिथूनच सुरू होते.