स्टार्टर गिअर आणि पाचरीचे गणित

जुन्या, लहान मोटरसायकलच्या सेल्फचे बटण दाबावे, आत मोटर सणसणत फिरल्याचा आवाज यावा आणि इंजिन मात्र जागचे हलू नये, हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. तीच गाडी किक मारली की मुकाट्याने सुरू होते. यावर सहसा एकच निदान ऐकू येते: ‘सेल्फचा गिअर गेला.’ हे निदान अगदीच चूक नसते. पण त्यामुळे डोळ्यांसमोर दात झिजलेले चक्र उभे राहते आणि तेच चित्र बहुतेक वेळा दिशाभूल करते. गिअर काढून हातात घेतला, तर त्याचे दात शाबूत दिसतात. दोष असतो तो त्याच गिअरच्या मधल्या गुळगुळीत भागावर, जिथे एकही दात नाही.

सेल्फची मोटर आकाराने लहान आणि वेगाने फिरणारी असते. तिच्या टोकावरचे मोजके दात मधल्या आयडलर गिअरला फिरवतात, आयडलर गिअर मॅग्नेटमागच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकांच्या चाकामागच्या, मोठ्या स्टार्टर गिअरला फिरवतो, आणि प्रत्येक टप्प्यावर वेग कमी होऊन पीळ, म्हणजेच टॉर्क, वाढत जातो. समजा, हा वेग एकूण 15 पटींनी कमी होतो. आता इंजिन सुरू होऊन मिनिटाला 1,400 फेऱ्यांवर शांतपणे चालू लागले आणि ही साखळी जोडलेलीच राहिली, तर इंजिन उलट मोटरलाच मिनिटाला 21,000 फेऱ्यांनी फिरवू लागेल. इतक्या वेगात ती मोटर फार काळ टिकणार नाही. म्हणून स्टार्टर गिअर क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या आसावर, नुसता मोकळा बसवलेला असतो आणि त्याच्या व मॅग्नेटच्या मध्ये एक वन-वे क्लच असतो, जो मोटरचा जोर इंजिनाकडे जाऊ देतो, पण इंजिनाचा वेग मोटरकडे येऊ देत नाही.

किकच्या यंत्रणेतही हेच काम करावे लागते, पण अनेक गाड्यांत तिथे करवतीसारखे तिरपे दात असलेले रॅचेट असते. त्या दातांच्या कडा बोथट झाल्या की किक मध्येच सटकते. हा दोष डोळ्यांना सरळ दिसतो. सेल्फच्या वन-वे क्लचमध्ये मात्र बहुधा फक्त तीन पोलादी रोलर असतात, प्रत्येकामागे एक लहान प्लंजर, म्हणजे रोलरला ढकलणारी खुंटी, आणि एक नाजूक स्प्रिंग. मॅग्नेटला मागून बोल्टने जोडलेल्या कड्यात या रोलरांसाठी तिरप्या खाचा असतात, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. स्टार्टर गिअरचा मधला गुळगुळीत भाग, म्हणजे त्याचा दांडा, या तीन रोलरांच्या मध्ये बसतो. सेल्फ मारला की दांडा रोलरांना अरुंद टोकाकडे ओढतो, ते दांडा आणि खाच यांच्यात पाचरीसारखे घट्ट बसतात आणि सगळे मिळून एकजीव फिरू लागते. इंजिन सुरू झाले की मॅग्नेट पुढे पळतो, रोलर रुंद टोकाकडे सुटतात, आणि मॅग्नेटबरोबर फिरत असल्यामुळे बाहेरच्या दिशेने फेकले जाऊन दांड्यापासून दूरच राहतात.

तेलाने माखलेले दोन गुळगुळीत पोलादी पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात तरी कसे? उत्तर कोनात आहे. रोलर ज्या दोन ठिकाणी टेकतो, तिथल्या पृष्ठभागांमधल्या कोनाचा निम्मा भाग घ्यावा. त्याचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा कमी असेल, तर रोलर घसरूच शकत नाही; जोर जितका वाढेल तितकी पकडही त्याच प्रमाणात वाढते. तेलकट पोलादाचा घर्षणांक साधारण 0.1 धरला, तर हा निम्मा कोन 5.7 अंशांच्या आत हवा. प्रत्यक्षात तो आणखी लहान ठेवावा लागतो. मला या यंत्रणेचे खरे सौंदर्य इथेच दिसते, कारण पकड स्प्रिंगच्या जोरावर अवलंबून नसते. स्प्रिंग फक्त रोलरला दांड्याला टेकवून ठेवते. पुढचे सगळे काम भूमिती करते.

या पकडीची किंमतही मोठी असते. निम्मा कोन 4 अंश मानला, तर रोलर दांड्याला ज्या बळाने दाबतो ते फिरवणाऱ्या बळाच्या सुमारे 14 पट असते. दांड्याची त्रिज्या 20 मिलिमीटर आणि टॉर्क 10 न्यूटन-मीटर धरला, तर प्रत्येक रोलरच्या वाट्याला सुमारे 2,400 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 240 किलो वजनाइतका दाब येतो, आणि तो सगळा एका बारीक रेषेवर. बॅटरी अशक्त असेल, तर पिस्टन दाबाच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच थबकतो आणि इंजिन उलटा झटका देते. तेव्हा हा दाब कितीतरी वाढतो. अशा झटक्यांनी दांड्याच्या कडक केलेल्या पृष्ठभागावर आधी बारीक खड्डे पडतात, मग तिथले पापुद्रे सुटतात. त्या खड्ड्यात कोन मूळचा राहत नाही आणि भरलेली पाचर अचानक निसटते. म्हणून सेल्फ मोटर धडधाकट असलेल्या गाडीतही या बिघाडाचे मूळ बॅटरीत असू शकते.

माझ्या जुन्या 100 सीसीच्या गाडीतले तीन रोलर मी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिले होते. दोन गोल होते. तिसऱ्याच्या अंगावर नखाला जेमतेम जाणवेल एवढी सपाट पट्टी होती. दांड्यावर बोट फिरवले, तर एका जागी नख अडकत होते. एवढ्याशा खुणांनी आठवडाभर सेल्फ बंद पडला होता.

उघडण्याआधी आवाज नीट ऐकावा. नुसता ‘टक’ आवाज येत असेल, तर दोष बॅटरी, रिले किंवा मोटरच्या कार्बन ब्रशकडे शोधावा. मोटर मोकळी सणसणत असेल, तर संशय वन-वे क्लचवर जातो. खडखडाट होत असेल, तर आयडलर गिअरचा तुटलेला दात किंवा क्लचच्या कड्याचे ढिले बोल्ट हे कारण असू शकते. मॅग्नेट कव्हर काढल्यावर मॅग्नेट एका हाताने धरून स्टार्टर गिअर फिरवून पाहावा. तो एका दिशेने मोकळा फिरला पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने ताबडतोब अडला पाहिजे. दोन्हीकडे फिरला, तर क्लच गेलाच. पण हाताने अडतो म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण इंजिनातल्या दाबाचा जोर हाताला लावता येत नाही.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण बाजू सोडवावी आणि इंजिन ऑइल काढून घ्यावे. कव्हर ओढताना आयडलर गिअरच्या शाफ्टवरचे वॉशर पडतात; ते कोणत्या बाजूला होते हे आधीच टिपून ठेवावे. मॅग्नेट काढायला त्याच्या आट्यांना जुळणारा पुलर, म्हणजे ओढून काढायचे हत्यारच लागते. हातोड्याने ठोकल्यास आतले चुंबक तडकतात आणि क्रँकच्या बेअरिंगलाही मार बसतो, हे मी आग्रहाने सांगेन. रोलर, प्लंजर आणि स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुवाव्यात. पुष्कळदा प्लंजर काळ्या चिकट गाळात अडकलेला असतो, आणि दांडा गुळगुळीत असेल तर नुसत्या सफाईनेही सेल्फ पूर्ववत चालतो. दबून आखूड झालेली स्प्रिंग ओढून लांब करू नये. ती थोड्याच दिवसांत पुन्हा दबते. दांड्यावर खड्डे असतील, तर फक्त नवे रोलर घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, कारण जुने खड्डे नव्या रोलरांनाही खातात. गिअर आणि रोलर एकत्रच बदलावेत.

जोडणी करताना रोलरांना आणि गिअरच्या आतल्या बुशला तेल लावावे, कारण इंजिन चालू असताना हा गिअर स्थिर राहतो आणि त्याच्या आत क्रँकशाफ्ट सतत फिरत असते. कड्याच्या बोल्टच्या आट्यांना घट्ट धरणारा द्रव चिकटा लावून ते ठरलेल्या टॉर्कला आवळावेत. क्रँकच्या निमुळत्या टोकावर आणि मॅग्नेटच्या आतल्या बाजूला मात्र तेलाचा थेंबही राहू देऊ नये. मॅग्नेटची पकड त्या कोरड्या निमुळत्या जोडावरच असते, आणि अर्धचंद्राकृती चावी फक्त त्याची जागा ठरवते. चुंबकाला एखादा वॉशर किंवा लोखंडाचा कीस चिकटलेला नाही, हे उजेडात पाहून मगच मॅग्नेट चढवावा. गिअर एका दिशेने मोकळा फिरतो आणि दुसरीकडे अडतो, याची कव्हर बसवण्यापूर्वी पुन्हा खात्री करावी. मग तेल भरून पहिल्यांदा गाडी किकने सुरू करावी, दोन-तीन मिनिटे चालू ठेवून तेल आतपर्यंत पोचू द्यावे, इंजिन बंद करावे आणि त्यानंतरच सेल्फचे बटण दाबावे.