प्रवर्तित विद्युतधारा उलटीच का वाहते?

जिनिव्हाचा शास्त्रज्ञ जाँ-दानिएल कोलादाँ अतिसावधपणामुळे एका मोठ्या शोधाला मुकला. चुंबकापासून वीज मिळते का, हे त्याला १८२५ साली पाहायचं होतं. चुंबकाच्या ओढीनेच गॅल्व्हानोमीटरची, म्हणजे विद्युतधारा दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई हलू नये म्हणून त्याने ते उपकरण लांब तारा जोडून दुसऱ्या खोलीत ठेवलं. तारेच्या वेटोळ्यात चुंबक सारायचा आणि मग चालत जाऊन सुई बघायची. सुई दर वेळी शून्यावर! ती हलून जागेवर परतलेली असायची. दुसऱ्या खोलीत एखादा मदतनीस असता, तर कदाचित फॅरडेचं नाव आपण थोडं कमी घेतलं असतं.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर समोरासमोर दोन तारा गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडताच दुसरीला लावलेल्या गॅल्व्हानोमीटरची सुई हलली आणि लगेच शून्यावर आली. बॅटरी काढली, तर सुई पुन्हा हलली, मात्र उलट्या बाजूला. ऑक्टोबरमध्ये त्याने नुसता दांडाचुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करूनही वीज मिळवली. म्हणजे चुंबक जवळ असून भागत नाही. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत राहायला हवं. बदल जितका वेगाने आणि वेढे जितके जास्त, तितका विद्युतदाब अधिक.

पण क्षेत्र बदलल्याने निर्माण होणारी ही धारा, म्हणजेच प्रवर्तित धारा, कोणत्या बाजूने वाहणार? शाळेत यासाठी उजव्या हाताची बोटं वाकवून घेतात. परीक्षेपुरतं ते ठीक. कारण त्यातून कळत नाही. ते कळतं हाइनरिख लेंझच्या नियमातून. सेंट पीटर्सबर्गच्या या शास्त्रज्ञाने १८३३ साली सांगितलं, की प्रवर्तित धारा ज्या बदलामुळे निर्माण होते, त्या बदलालाच विरोध करते. चुंबकाचा उत्तर ध्रुव वेटोळ्याकडे नेला, तर वेटोळ्याचं समोरचं तोंडही उत्तर ध्रुव बनतं आणि चुंबकाला मागे रेटतं. त्यासाठी चुंबकाच्या बाजूने पाहता धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट वाहावी लागते.

समजा, निसर्गाने याच्या उलट ठरवलं असतं. चुंबक किंचित पुढे सरकला की वेटोळं त्याला ओढणार, त्यामुळे तो आणखी वेगाने जाणार, धारा आणखी वाढणार, ओढ आणखी वाढणार. एका हलक्या धक्क्यावर चुंबकाची गतीही वाढतेय आणि वीजही मिळतेय, तीही फुकट! ऊर्जा अक्षय्यतेचा नियम हे होऊ देत नाही. वेटोळ्यात येणारी वीज म्हणजे चुंबक रेटताना हाताने केलेलं काम.

इथे बरेच जण एक गफलत करतात. विरोध चुंबकाला नसतो, बदलाला असतो. चुंबक बाहेर काढू लागलात, तर तेच वेटोळं त्याला धरून ठेवू पाहतं, कारण आता क्षेत्र कमी होत असतं. धारा उलटते ती म्हणूनच.

जुन्या सायकलला डायनामो लावलेल्यांच्या पोटऱ्यांना हा नियम ठाऊक आहे. दिवा लागला की पेडल जड होतं. बल्ब काढून टाकला, तर विद्युतदाब तयार होतो पण धारा वाहत नाही. मग विरोधही मावळतो, उरतं ते घर्षण. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला फिरणाऱ्या जनित्रांनाही हाच हिशेब लागू. विजेची मागणी वाढली की जनित्रातली धारा वाढते, तिचा विरोध वाढतो आणि चक्र मंदावू लागतं. विजेची ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, वारंवारता टिकवायची तर टर्बाइनवर जास्त पाणी सोडावं लागतं.

मुंबईच्या नव्या लोकल गाड्या तर या विरोधाचाच ब्रेक म्हणून उपयोग करतात. गाडी थांबवताना मोटर जनित्रासारखी चालते, चाकांना रोखते आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते.